कलर मॉनिटरचा माफीनामा

एका गोष्टीचा राग मला अजून आहे, आणि तो कमी करायचा माझा काही विचार नाही. पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली. राजारामपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बसून मी निम्म्या शहराचे कॉम्प्युटर उघडून पाहिलेत. लाईट जाऊन आली की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-चार माणसं दारात हजर असतात, कुणी मॉनिटर पोटाशी धरून, कुणी गाडीवर मागं कुणाला तरी धरायला बसवून. सगळ्यांचं वाक्य एकच असतं, मॅडम, मॉनिटर गेला. गेला म्हणजे काय झालं, असं मी विचारते. दिवा लागतो का? वायर बदलून पाहिली का? निम्म्या वेळा तो गेलेला नसतोच. पण न बघता, न तपासता कुणी 'गेला' म्हणालं की माझ्या कपाळाची शीर अजून उडते. माझा नवरा म्हणतो, अगं, ते गिऱ्हाईक आहे, त्याच्यावर कशाला डाफरतेस? मी गिऱ्हाइकावर डाफरत नसते. मी एकोणीस वर्षांची असताना जे बोलायचं राहून गेलं, ते बोलत असते.

तेव्हा आम्ही हुपरीत राहत होतो. पुढची खोली कामाची, मागची स्वयंपाकाची, आणि दोन्हींच्या मध्ये दार असं नव्हतंच, त्यामुळं भाकरीच्या थापटण्याचा आणि पैंजणावरच्या हातोडीचा आवाज एकमेकांत मिसळलेला असायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, चांदीच्या पैंजणांचे सांधे झाळायचे, म्हणजे ज्योतीवर वितळवून जोडायचे. फुंकणी तोंडात धरून ज्योत अशी बारीक करायचे की ती सुईसारखी एका कडीवरच लागे, शेजारच्या कडीला धग पोचत नसे. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, कारण तिचं माहेर सीमेपलीकडचं आणि आमच्या घरात निम्मी नाती कानडीतच होती. अव्वा आणि मी कड्या जोडायचो. गुडघ्यावर फडकं, फडक्यावर चिमूटभर कड्या, हातात चिमटा. तयार पैंजण रिठ्याच्या पाण्यात पडले की घरभर एक कडसर वास सुटे, आणि त्याच वासात आम्ही ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि कुळथाचं माडगं जेवायचो. संक्रांतीला अव्वा शेंगांच्या पोळ्या करायची, तेव्हा एक दिवस फुंकणी बंद राहायची, कारण गॅसची एकच शेगडी पुरायची नाही म्हणून ती चूल पेटवायची आणि धुरानं आप्पांना ज्योत दिसायची नाही. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. पुढं ज्या माणसानं आम्हाला 'तुम्हा लोकांना इलेक्ट्रॉनिक वस्तू हाताळायची सवय नसते' असं म्हटलं, त्यानं आप्पांची ज्योत कधी पाहिली नव्हती.

बारावीनंतर मी हट्ट धरून राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. आप्पांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे दोड्डप्पा, घरात त्यांचाच शब्द चाले. त्यांनी अट घातली होती की ही एक परीक्षा होऊ दे. पास झाली तर नोकरीचं बघू, नाही तर मिरजेचं स्थळ आलंय ते बघू. त्यामुळं ती परीक्षा माझ्यासाठी नुसती परीक्षा नव्हती. सकाळच्या एसटीनं मी कोल्हापूरला यायची, डब्यात भाकरी आणि झुणका, वहीच्या कव्हरला रिठ्याचा वास. क्लास दुसऱ्या मजल्यावर होता, खाली दाताचा दवाखाना. खोलीत चार मशीन होती. तीन काळ्यावर हिरव्या अक्षरांची, आणि एक कलर. कलर मॉनिटर म्हणजे क्लासचा देव होता. त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर टॉवेल, आणि जाहिरातीच्या बोर्डावर त्याचाच फोटो. यूपीएस मात्र एकच होता, आणि तो सरांच्या केबिनमधल्या मशीनला लावलेला होता.

सर म्हणजे त्या क्लासचे मालक आणि शिक्षकही. परीटघडीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. शिकवायचे बरं, ते मी नाकारणार नाही. पण प्रश्न विचारलेला त्यांना खपायचा नाही. मी एकदा विचारलं होतं की मॉनिटरची वायर भिंतीत न जाता कॅबिनेटच्या पाठीत का जाते. त्यावर ते म्हणाले होते, तुला परीक्षेत हे विचारणार आहेत का? त्याचं कारण मी नंतर स्वतःच वाकून शोधून काढलं. कॅबिनेटचं बटण बंद केलं की मॉनिटरही बंद व्हावा, म्हणून त्याला वीज तिथूनच दिलेली असे. एवढं साधं होतं. सांगितलं असतं तर त्यांची दोन मिनिटं गेली असती.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना माझी आणि शमाची कलर मशीनवर बसायची पाळी आली. शमा राजारामपुरीतच राहायची, अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. दुपारी लाईट गेली. लाईट गेल्यावर काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलंच होतं: आधी मशीनचं बटण बंद, मग बोर्डाचं. मी दोन्ही बंद केली. शमानं ती बंद करताना पाहिलं. थोड्या वेळानं लाईट आली, लगेच गेली, पुन्हा आली. पंखा दोनदा दचकला. सर केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, चला, वेळ घालवू नका, आणि स्वतःच्या हातानं त्यांनी बोर्डाची बटणं एकामागून एक खाली पाडली. मग आम्ही मशीनची बटणं दाबली आणि ती सुरू झाली. आमच्या कॅबिनेटनंही एक 'पी' केलं, फ्लॉपी घरघरली, कीबोर्डाचे तीन दिवे चमकून गेले. मॉनिटर मात्र काळाच. त्याच्या कडेचा हिरवा दिवासुद्धा लागला नाही.

सर आले. त्यांनी मॉनिटरचं बटण चार वेळा दाबलं, खालच्या कडेची गोल बटणं इकडून तिकडं फिरवली, वरून दोन थापा मारल्या. आमच्या शेजारणीचा रेडिओ बिघडला की ती असंच करायची. मग ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, पिक्चर ट्यूब गेली. आणि माझ्याकडं वळून विचारलं, बटण बंद केलं नव्हतंस ना? मी म्हणाले, केलं होतं. ते म्हणाले, मग हा काय आपोआप गेला? मी शमाकडं बघितलं. ती कीबोर्डाकडं बघत होती. तिला मी तेव्हाच माफ केलं, कारण तिच्याही डोक्यावर तीच परीक्षा होती. पण सरांनी त्यानंतर जे केलं त्याला माझ्याकडं माफी नाही. चौदा पोरं-पोरी बसलेली असताना त्यांनी जाहीर केलं की आजपासून मुलींनी कलर मशीनवर बसायचं नाही. आणि मला सांगितलं की उद्या वडिलांना घेऊन ये. माझ्या निष्काळजीपणानं मॉनिटर जळला असं मी लिहून द्यायचं, खाली वडिलांची सही, तो कागद पुण्याच्या मुख्य ऑफिसला जाणार, आणि तोपर्यंत परीक्षेच्या यादीतून माझं नाव बाहेर. खेड्यातनं येता, तुम्हा लोकांना इलेक्ट्रॉनिक वस्तू हाताळायची सवय नसते, हे वाक्य त्यांनी समजावणीच्या सुरात म्हटलं. तो सूर मला शिवीपेक्षा जास्त लागला.

एसटीत मी रडले नाही. मला रडू येत नव्हतं, दात आवळून आवळून जबडा दुखत होता. घरी येऊन हातपाय धुतले आणि कड्यांचं फडकं गुडघ्यावर घेतलं. आप्पांनी सगळं ऐकलं आणि फुंकणी खाली ठेवली. ते एवढंच म्हणाले की येतो उद्या, सही करू, नाव तेवढं यादीत घालायला सांगू. त्यांचं हे बोलणं ऐकून मला सरांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. अव्वा मात्र कामातली नजर न काढता एकेक विचारत होती. बाकीचं यंत्र चालतंय का? चालतंय. मग त्या टीव्हीगत डब्याला वीज कुठनं येतीय? त्याच यंत्रातनं, वायरनं. ती वायर कुणी बघितली? कुणीच बघितली नव्हती.

"पैंजण तुटलं म्हणून चांदीला बोल लावत न्हाईत," अव्वा म्हणाली. "सांधा बघायचा आधी. चांदी कशाला तुटतीय."

मग माझं डोकं चालायला लागलं. ट्यूब गेली असती तर चित्र आलं नसतं, पण दिवा लागला असता. दिवाच लागला नाही, म्हणजे वीजच आत पोचत नव्हती. हे इतकं उघड होतं की मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला, की जो माणूस हे शिकवायला बसलाय त्यानं एवढंसुद्धा बघितलं नाही. त्याला बघायचंच नव्हतं. दोष द्यायला समोर एक पोरगी उभी असताना वायर कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी आप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून माझ्याबरोबर निघाले. जिना चढताना दाताच्या दवाखान्याच्या वासानं ते थांबले, मग माझ्या मागनं वर आले. वर्ग भरलेला होता. सरांनी त्यांना खुर्ची दिली नाही. आप्पा मॉनिटरकडं बघून उभे राहिले आणि मग, कुणी काही बोलायच्या आत, त्यांनी हात जोडले. त्यांच्या बोटांना आम्लाचे काळे डाग कायमचे होते, आणि ती बोटं त्या परीटघडीच्या शर्टापुढं एकमेकांना चिकटलेली मी बघितली. ते म्हणाले, साहेब, पोरगी लहान हाय, चुकलं असंल, तेवढी परीक्षा बुडवू नका. वर्गात कुणीतरी खुर्ची सरकवली. सरांनी मान हलवली आणि टेबलावर कागद ठेवला. मजकूर त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द मला उलटेही वाचता आले. आप्पांनी पेन घेतलं.

मी म्हणाले, थांबा. मला आधी मॉनिटर बघायचाय.

सर म्हणाले की त्यांनी बघितलाय, ट्यूब गेली आहे. मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, तू मला शिकवणार का? मी म्हणाले, शेजारच्या मॉनिटरची वायर मला फक्त दोन मिनिटं द्या. ते म्हणाले की एक जाळलास तेवढं पुरे, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तेव्हा आप्पांनी पेन टेबलावर ठेवलं.

"मी सहीच करायला आलोय," ते म्हणाले. "पळून चाललो न्हाई. पर पोरगी बघतो म्हणतीय तर बघू द्या की. मेलंच हाय म्हणता, मग मेलेल्याला ती आणि काय मारणार?"

वर्गात दोघंतिघं हसले. त्या हसण्यामुळं सरांना नाही म्हणता येईना. मी मशीन बंद केलं, बोर्डाचं बटण बंद केलं, वाकून मॉनिटरच्या पाठीतली वायर ओढली. ती सहज निघाली नाही. निघाली तेव्हा तिच्या टोकाला जळकट वास होता आणि तीन भोकांपैकी एकाच्या कडेचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं. मी ती कुणाला दाखवली नाही, बाजूला ठेवली. शेजारच्या मॉनिटरची वायर काढून लावली, आधी बोर्ड, मग मशीन सुरू केलं. कॅबिनेटनं 'पी' केलं आणि मॉनिटरच्या कडेचा दिवा हिरवा झाला.

पण काच काळीच राहिली. सर म्हणाले, बघ, मी काय सांगत होतो? ट्यूबच आहे. मी कान जवळ नेला. आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती. हाताचा पुढचा भाग काचेजवळ नेला तर अंगावरची लव उभी राहून काचेकडं झुकली. घरी टीव्ही लावल्यावर हेच व्हायचं, आणि टीव्ही बंद असताना व्हायचं नाही, एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं. ट्यूब जिवंत होती. मग अंधार कशाचा? मी खालच्या कडेची गोल बटणं चाचपली. उजेडाचं बटण अगदी तळाला नेऊन ठेवलेलं होतं, आणि त्याच्या शेजारचंही. मी पहिलं बटण हळूहळू वर फिरवलं. काच राखाडी झाली, मग निळसर, आणि डाव्या कोपऱ्यात पांढरी छोटी रेघ लुकलुकू लागली.

मग शमा उभी राहिली. इतक्या बारीक आवाजाची ती मुलगी, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"सर, ती बटणं काल तुम्हीच फिरवली होती. आणि लाईट गेल्यावर हिनं बटण बंद केलं होतं. मी बघितलंय."

मी वायरचं जळकं टोक टेबलावर, त्या लिहून ठेवलेल्या कागदावर ठेवलं. आता आठवलं तरी बरं वाटतं. दुरुस्तीच्या धंद्यात आल्यावर मला कळलं की लाईट येत-जात असताना ती स्थिर व्हायच्या आत घाईनं बटणं पाडली की झटका बसतो आणि सैल बसलेली वायर टोकाशीच जळते. फार साधा बिघाड आहे. आमच्या दुकानात तो पाच मिनिटांचं कामसुद्धा नाही. पण त्या पाच मिनिटांसाठी कुणाचं तरी आयुष्य मिरजेच्या स्थळापर्यंत गेलं असतं, हे त्या माणसाला कधी कळलं का, मला माहीत नाही.

सरांनी वायर उचलली, उलटसुलट केली, खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. मग ते हसले आणि आप्पांना म्हणाले, लक चांगलं आहे हो तुमच्या मुलीचं. नशीब म्हणायचं. बस गं जागेवर, नाव घालतो यादीत. मी जे वायरीनं, कानानं, हातावरच्या लवेनं शोधून काढलं होतं, ते या माणसानं एका वाक्यात नशिबाच्या नावावर लावून टाकलं. यानंतरच्या आयुष्यात बायकांनी केलेल्या कामाला नशीब म्हणणारे कितीतरी भेटले, पण पहिला तो.

मी जागेवर बसायला निघाले. आप्पा हलले नाहीत.

"साहेब, मी मघाशी हात जोडलं तुमच्यापुढं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "चूक पोरीची असंल म्हणून जोडलं. तिची न्हवती. मग ते हात वाया गेलं की. आता तुमी जोडा. मला न्हाय, तिला."

सर म्हणाले, अहो काका, बसा, चहा मागवतो. आप्पा म्हणाले, चहा नको. ते तसेच उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. सरांनी हात जोडले नाहीत. त्यांनी कागद दोन तुकडे करून टोपलीत टाकला, हजेरीची वही उघडली आणि नावं घ्यायला सुरुवात केली. माझं नाव आलं तेव्हा मी हजर म्हणाले. आप्पा दाराशी गेले, चपला घातल्या आणि खाली जाऊन, वर्ग सुटेपर्यंत, दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले.

पुढचं थोडक्यात सांगते. परीक्षा झाली, मी पास झाले, दोड्डप्पांनी शब्द पाळला आणि एका दूध संघाच्या ऑफिसात मला काम लागलं. तिथले कॉम्प्युटर दुरुस्त करता करता मी या धंद्यात आले. मुलींनी कलर मशीनवर बसायचं नाही हा नियम मात्र क्लासनं मागं घेतला नाही. परीक्षेपर्यंत मी आणि शमा हिरव्या अक्षरांवरच बसलो, आणि मी दुरुस्त केलेल्या मॉनिटरपुढं पोरं बसायची.

त्या दिवशी एसटीत आप्पा खिडकीशी बसले होते. हुपरीच्या अलीकडं ते पहिल्यांदा बोलले.

"मी सही केली असती," ते म्हणाले. "करायलाच गेलतो."

मी म्हणाले, मला माहीत आहे. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, मी हात जोडलं ते तुझ्या अव्वाला सांगू नगोस. मी मान डोलावली. लाज वाटायला हवी होती तो माणूस राजारामपुरीत पंख्याखाली हजेरी घेत बसला होता, आणि ती लाज एसटीतनं घरी घेऊन निघाले होते माझे वडील. माझा राग आहे तो याचा. मॉनिटरचा नाही.

घरी पोचलो तेव्हा अव्वा दारातच उभी होती. काय झालं, असं तिनं विचारलं. आप्पांनी टोपी खुंटीला अडकवली आणि सांगितलं की वायर जळली होती, पोरीनं शोधून काढली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, होय, वायरच होती. आप्पा गेले त्याला आता बारा वर्षं झाली, अव्वा गेल्या वर्षी गेली. मी तिला कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.